चौथ्या खुणेचं माप

जयसिंग, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझ्या शेजारी उद्यमनगरातला एक लेथवाला बसला होता. लाडू मोडता मोडता म्हणाला, “मिस्त्री लई मोठा माणूस. पर शेवटी शेवटी हात गेलता बघा त्यांचा.” समोरच्या रांगेतल्या दोघांनी माना हलवल्या. मी आमटी-भाताचा घास गिळला आणि गप्प बसलो. गेली चार वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे फारसं अवघड गेलं नाही.

जे बोलायचं ते तुझ्याशी आहे. पंगतीतल्या लोकांशी बोलून काय होणार?

तू पहिल्यांदा आमच्या छापखान्यात आलास तो बिडाचा पाट बघायला. ऑफसेटचं युग आलं होतं, आमचं शिशाचे खिळे जुळवायचं काम थंडावलं होतं आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठं सिलिंडर मशीन विकायला काढलं होतं. त्यातला एक जाड सपाट पाट तुला हवा होता. मी कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी पीएच.डी.ची प्रुफं बघत होतो.

“काय मास्तर, मालक कुठं हायत?”

“मी मास्तर नाही. प्रुफं तपासतो.”

“म्हंजे चुकाच काढता की. मग मास्तरच.”

ते नाव मला कायमचं चिकटलं. दादांनी तुला पाण्याचा तांब्या दिला, तुझ्या कोपराचा धक्का लागून तो सांडला आणि तू माफी मागायची सोडून खाली बघतच राहिलास. पाणी भाकरीसारखं गोल पसरलं आणि थांबलं. कुठल्याच बाजूला पळालं नाही. तू गुडघे टेकून फरशीला गाल लावलास.

“दादा, ही फरशी कुणी बसवली?”

“गवंड्यानं. तीन वेळा उखडायला लावली मी. मशीन जरा कलतं राहिलं तर शाई एकीकडं गडद उठते.”

“पाट ऱ्हावूदे. मला फरशी पायजे.”

“फरशी नेणार कशी मिस्त्री?”

“न्यायची कशाला? गाड्या हितं आणतो की.”

मला वाटलं, माणूस वेडा असावा. पुढच्याच आठवड्यात तू एक छोटी पांढरी गाडी घेऊन आलास आणि आमच्या छापखान्यात खिळ्यांचे खण बाजूला सारून ती मशीनच्या जागी उभी केलीस.

तुझं काम मला समजायला वर्ष लागलं. लोक यायचे ते गाडी खाली बसवून घ्यायला, कडक स्प्रिंगा टाकून घ्यायला. रॅलीत पळवणारे थोडे, दाखवणारे जास्त. बाकीचे मिस्त्री स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे आणि गाडी हातात द्यायचे. तू म्हणायचास, “खाली बसली म्हंजे बसली असं न्हाय. चारी पायांवर सारखी हुबी ऱ्हायली पायजे.” गूळ मार्केटातून आणलेले चार जुने वजनकाटे तू फरशीवर ठेवलेस, प्रत्येकाखाली लाल रंगाची गोल खूण केलीस, आणि गाडीचं एकेक चाक एकेका काट्यावर चढवलंस. डावं पुढचं, उजवं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं. कुठल्या चाकावर किती भार बसतो ते वाचायचं, मग स्प्रिंगखालची वाटी आट्यांवर पाव फेरा वर, अर्धा फेरा खाली. त्या वाट्या आणि आटे आधी तू स्वतः लेथवर कापून घ्यायचास. चाकाचा झुकाव गवंड्याच्या ओळंब्यानं आणि चाकांची दिशा ताणलेल्या दोऱ्यानं. ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरच्या वजनाच्या गुळाच्या ढेपा. त्या ढेपांमुळे आमच्या छापखान्यात मुंग्यांच्या रांगा लागल्या. संग्राम, तो बिद्रीकडचा तुझा सगळ्यात चांगला ड्रायव्हर, रॅलीवरून परत आला की आधी मांडी खाजवायचा. “मिस्त्री, गाडी झ्याक हाय, पर पुढच्या बारीला दगडं ठेवा की.”

“दगडाला मुंग्या येत न्हाईत. तुला झोप लागंल मग.”

पुढं परदेशी शॉकअब्सॉर्बर यायला लागले, पुण्याच्या एका दुकानातून, पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात, आतल्या पुस्तिकेसकट. ती पुस्तिका तू माझ्यापुढे टाकलीस. मी वाचायचो, तू डोळे मिटून ऐकायचास. दाबताना तेल किती अडवायचं आणि परत वर येताना किती, हे दोन वेगवेगळे स्क्रू. त्यांना आपण आपली नावं ठेवली, दाब आणि उसळी. मी इंग्रजी आकडा सांगायचो, तू म्हणायचास, “पुस्तकातला आकडा रस्त्याला ठावं न्हाय.” मी म्हणायचो, “सुरुवात तरी कुठून तरी करायला लागते.” तू पुस्तिकेतल्या आकड्यापासूनच सुरुवात करायचास, पण कबूल कधी केलं नाहीस. हा वाद आपण दहा वर्षं घातला. तो अर्धाच राहिला, आणि त्याचा मला राग येतो. कुणाशी पुरा करू?

पहिल्या वर्षी खंडेनवमीला तू हळद, कुंकू, झेंडूची माळ घेऊन आलास. हत्यारांची पूजा गॅरेजात आटोपली होती, आता फरशीची करायची होती. दादा दारातच उभे राहिले. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या घरात पूजा झाली नव्हती, आणि छापखान्यात तर नाहीच.

“मिस्त्री, हार गॅरेजात घाला. आमच्याकडं पूजा नाही. माप आहे. फरशीचा मान ठेवायचा तर ती मोजा.”

तू हसलास. “व्हय, ह्ये पटलं.” माळ तू सायकलच्या हँडलला अडकवलीस. मग गवंड्यांची पाण्याची नळी आणली, ती पारदर्शक, लांब. तू पहिल्या खुणेपाशी स्टुलावर बसलास, नळीचं एक टोक धरून, अंगठा नळीवरच्या पाण्याच्या खुणेवर. मी दुसरं टोक घेऊन एकेका खुणेवर गेलो. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. माझ्या टोकाला फूटपट्टी लावून किती फरक आहे तो मी वाचायचा. सुताच्या हिशोबात, एका इंचाला आठ सुतं. कानाशी आयुष्यभर ग्राइंडर चाललेला, त्यामुळे तुला कमी ऐकू यायचं.

“मोठ्यानं वाच, मास्तर!”

“दुसरी जसंच्या तसं!”

“मोठ्यानं!”

शेजारची बाई खिडकी उघडून बघायची. चारी खुणा जुळल्या की तू खिशातला पेढा काढून दादांना द्यायचास, ते गेल्यावर मला. दर खंडेनवमीला हे असंच झालं. तू स्टुलावर आणि मी नळीच्या दुसऱ्या टोकाला. जागा आपण एकदाही बदलल्या नाहीत. फरशीवर काय आहे हे तू माझ्या तोंडूनच ऐकलंस.

एक सकाळ मी जपून ठेवली आहे. कळंबा तलाव मागे टाकून आपण बिद्रीच्या रस्त्याला लागलो होतो. कारखान्याचं गळीत सुरू व्हायचं होतं, त्यामुळे रस्त्यावर अजून उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या. तू गाडी चालवत होतास. मला म्हणालास, “डोळं मीट. पाठीनं ऐक. सांग, ह्या वळणाला गाडी कुठल्या पायावर हुबी हाय?”

“मला काय कळतंय?”

“मीट की डोळं.”

मिटले. दोन-तीन वळणं काहीच कळलं नाही. मग एकदा पाठीच्या डाव्या बाजूला काहीतरी रुतल्यासारखं झालं. “डावं मागचं,” मी म्हणालो. तू गाडी रस्त्याच्या कडेला थांबवलीस आणि स्टेअरिंगवर हात आपटत हसलास. “आरं बरोबर! कुणी शिकवलं रं तुला?” मला आयुष्यात कुणी एवढ्या आनंदानं बरोबर म्हटलं नव्हतं. पुस्तकं वाचून घडलेल्या माणसालाही शरीर असतं हे मला तू दाखवलंस. हे उपकार आहेत, आणि ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायचं आहे.

दादा गेले त्याच्या पुढच्या वर्षी पूर आला. आमची गल्ली नदीच्या उतारावर. पाणी छापखान्यात कमरेएवढं चढलं आणि काही दिवस हललं नाही. ओसरल्यावर मी दार ढकललं. दादांचं कपाट आत आडवं पडलं होतं. चारशेच्या वर पुस्तकं. पन्नास वर्षांत एकेक करून जमवलेली, घरी बांधणी केलेली, समासात बारीक अक्षरात टिपणं लिहिलेली. फुगून पावासारखी झाली होती. शाई उतरून टिपणांचे निळे डाग उरले होते. मी चिखलात बसून पानं सोडवत होतो, आणि ती माझ्या बोटांना चिकटून येत होती.

तू आलास. दारातून आत बघितलंस. पुढं चिखल होता, म्हणून एका फुगलेल्या पुस्तकावर पाय ठेवून तू पलीकडे गेलास.

“फरशी हलली का रं?”

जयसिंग, तू एवढंच विचारलंस. दादांचं नाव काढलं नाहीस, पुस्तकांकडं बघितलं नाहीस. चिखल बाजूला ओढून चारी खुणा मोकळ्या केल्यास आणि म्हणालास, “नळी आण. मोजू.”

मी नळी आणली. हात धुतले नव्हते, नळीवर चिखलाची बोटं उठली. दुसरी खूण जुळली. तिसरी जुळली. चौथी, उजव्या मागच्या चाकाची. तिथलं पाणी पट्टीवर तीन सूत वर दिसत होतं. म्हणजे फरशी तिथं तीन सूत खचली होती. खालचा भराव वाहून गेला असणार. मी पट्टी दोनदा लावून बघितली.

“चौथी?”

माझ्यासमोर ते पुस्तक होतं, तुझ्या बुटाचा ठसा असलेलं.

“जसंच्या तसं,” मी म्हणालो.

“मोठ्यानं!”

“जसंच्या तसं!”

“सुटलो बाबा.” तू नळी गुंडाळलीस. जाता जाता ढिगाकडं हात केलास. “ही रद्दी उचलाय माणसं धाडू का?” आता कळतं, तू मदतीचंच बोलत होतास. तेव्हा मला फक्त रद्दी हा शब्द ऐकू आला.

चुका शोधणं हा माझा धंदा. तीस वर्षांत समोरची चूक मी मुद्दाम कधी सोडली नव्हती. ही सोडली. मनात म्हटलं, दोन-चार दिवसांनी सांगू; त्याला जरा कळू दे. काय कळू द्यायचं होतं ते आजही सांगता येणार नाही.

मग संग्रामची गाडी आली. खचलेल्या खुणेवरच्या काट्यावर वजन कमी दिसलं, तू त्या कोपऱ्याची वाटी वर चढवलीस, चारी आकडे जुळवलेस आणि समाधानानं हात पुसलेस. छापखान्यात गाडी बरोबर होती. सपाट डांबरावर गेल्यावर ती तिरकी दबलेली होती. उजवं मागचं आणि डावं पुढचं चाक भार खात होतं, उजवं पुढचं हलकं पडलं होतं. डाव्या वळणाला गाडी सुरेख वळायची. उजव्या वळणाला तिची पुढची चाकं सरळ निघून जायची.

संग्राम चौथ्या दिवशी परत आला, बंपरला उसाचा पाला लागलेला. लागलं नव्हतं त्याला. तो हसतही नव्हता.

“मिस्त्री, उजवीकडं ऐकतच न्हाय ही. ब्रेक मारला की उजवं पुढचं चाक आधी अडकतंय. सरळ उसात गेलो की.”

“आसं व्हायचं न्हाय.”

“झालंय. बघा पाला.”

तू पुन्हा काट्यांवर चढवलीस. आकडे जुळलेले. स्प्रिंगा बदलल्यास. शॉकअब्सॉर्बर उघडून तेल बदललंस. रबरी बुश काढून नवे घातलेस. काटे मापं तपासणाऱ्याकडून शिक्का मारून आणलेस. गुळाच्या ढेपा सुद्धा नव्या आणल्यास. फरशी सोडून सगळं तपासलंस. मी कोपऱ्यात प्रुफं घेऊन बसलो होतो. रोज सकाळी फरशी पुसताना पाणी कुठं जाऊन साठतं ते मला माहीत होतं. फरशी तू कधी पुसली नाहीस. गाडीचं तोंड फिरवून उभी करून बघितली असतीस तरी कळलं असतं. पण दार एका बाजूला, फिरवायला जागा नाही.

त्याच साली राजारामपुरीत कॉम्प्युटरवर चाकं जुळवणारं दुकान उघडलं, काचेचं, आत गार हवा. संग्राम तिकडं गेला. नंतर एकदा चहाच्या गाड्यावर सगळ्यांदेखत तुला म्हणाला, आवाजात माया होती ते जास्त वाईट, “मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका, पर तुमचा हात म्हातारा झाला.” अर्धा चहा तसाच ठेवलास. मी तुझ्या शेजारी उभा होतो.

पुढं तीन खंडेनवम्या आल्या. तीनही वेळा तू स्टुलावर बसलास, अंगठा खुणेवर धरलास, आणि तीनही वेळा मी चौथी खूण खोटी वाचली. पहिल्यांदा राग होता. दुसऱ्या वर्षी लाज होती, कारण एक हंगाम बुडाला होता आणि आता सांगायचं तर तोही सांगायला लागला असता. तिसऱ्या वर्षी सवय झाली होती. एवढंच.

आणि त्या तिसऱ्या खंडेनवमीला, नळी गुंडाळता गुंडाळता, तू माझ्याकडं न बघता विचारलंस, “मास्तर, खरं सांग. माजा हात गेला का रं?”

तुझे हात गुडघ्यांवर उताणे होते. पाव फेरा आणि अर्धा फेरा यांच्यामधला फरक पाना न लावता ओळखणारे. मी म्हणालो, “वय कुणाला चुकलंय?”

तू मान हलवलीस. त्यानंतर छापखान्यात गाडी आणली नाहीस. गॅरेजात ऑइल बदलत बसायचास, पंक्चर काढायचास. कुणी सेटिंगचं विचारलं की राजारामपुरीचा पत्ता द्यायचास. पेढेही बंद झाले.

मला तुझाही राग येतो, हे लिहून टाकतो. तू एवढा सगळ्यावर शंका घेणारा माणूस. शिक्का मारलेल्या काट्यावर तुझा विश्वास नाही, परदेशी कारखान्याच्या आकड्यावर नाही. मग माझ्यावरच का ठेवलास? एकदा उठून चौथ्या खुणेपाशी का आला नाहीस?

पुढं तू दवाखान्यात पडलास तेव्हा मी रोज यायचो. शालन वहिनी जरा घरी जाऊन यायच्या तेवढ्या वेळात तुझ्यापाशी बसायचो, पेपर वाचून दाखवायचो, मोठ्यानं. शेवटून तिसऱ्या दिवशी तू मला थांबवलंस.

“मास्तर.”

“काय रे?”

“तुज्या दादांची पुस्तकं वाळली का रं?”

चार वर्षांनी. मला कळेना, हा प्रश्न इतके दिवस तुझ्यात होता की त्याच क्षणी आला. खरं सांगायला दार उघडं होतं. मी म्हणायला हवं होतं, नाही वाळली, आणि फरशीही खचली आहे, आणि तुझा हात शाबूत आहे. एवढी तीन वाक्यं.

“वाळली,” मी म्हणालो.

“बरं झालं,” तू म्हणालास, आणि डोळे मिटलेस.

काल शालन वहिनी छापखान्यात आल्या, तुझे काटे आणि हत्यारं न्यायला. त्या सामान गोळा करत होत्या आणि मी नळीत पाणी भरत होतो. एका माणसाला ही नळी वापरता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी त्यांना म्हणालो, “वहिनी, जरा हे टोक धराल का? इथं बसून. पाणी नळीवरच्या या खुणेवर राहिलं पाहिजे.”

“मला काय येतंय त्यातलं?”

“फक्त अंगठा धरायचा.”

त्या तुझ्या स्टुलावर बसल्या. मी दुसरी खूण वाचली, तिसरी वाचली. चौथ्या खुणेपाशी बसलो, पट्टी लावली. मग उभा राहून त्यांना सगळं सांगितलं. पूर, पुस्तक, बुटाचा ठसा, तीन खंडेनवम्या, दवाखाना.

“म्हंजे त्यांचा हात चांगला हुता?”

“हो.”

“शेवटपत्तोर?”

“हो.”

“रात-रात उठून बसायचे ओ. हाताकडं बघत.” त्यांचा आवाज चढला नाही. “मला म्हनायचे, आता मला कायबी दिसंना झालंय. मी म्हनायची, चष्मा बदला.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, आता उठतील आणि नळी टाकून निघून जातील. त्या उठल्या नाहीत. पदर खोचला, वाकल्या, पाणी जरा हललं होतं ते खुणेवर आणलं आणि अंगठा घट्ट दाबला.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “काय हाय ते वाचा.”

“तीन सूत खाली.”

“मोठ्यानं वाचा, भाऊजी. त्यांला ऐकू येत न्हवतं.”

मी वाचलं, जयसिंग. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली, एवढ्या मोठ्यानं वाचलं.

वहिनींनी अंगठा काढला नाही.

“परत,” त्या म्हणाल्या.